पायऱ्या बांधा, पण चढणीची वाट बुजवू नका

संपादक महोदय,

पावसाळा सरला की डोंगरावरच्या देवळांच्या वाटांना सिमेंटच्या पायऱ्या करून द्या, अशी मागणी सातारा परिसरात हमखास होते. पायऱ्या झाल्या की वयस्करांची सोय झाली, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे.

६० किलोच्या माणसाला ३० मीटर उंची गाठायची आहे असं धरू. वजन वर उचलण्याचं काम पायऱ्यांनी जा की चढणीने, तेवढंच राहतं. शरीर खर्चलेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथाच हिस्सा या कामी लावू शकतं, म्हणून त्याला अंदाजे १७ किलोकॅलरी लागतात. १५ सेंटिमीटरच्या २०० पायऱ्यांत ही उंची संपते, तीही अडीच-तीन मिनिटांत. बारास एक, म्हणजे बारा मीटर चालल्यावर एक मीटर उंची, अशा चढणीवर मात्र त्यासाठी ३६० मीटर चालावं लागतं. त्या चालण्याच्या आणखी दहा-अकरा किलोकॅलरी धरल्या, तर एकूण खर्च चढणीवरच जास्त! तरीही दम पायऱ्यांवर लागतो, कारण तिथे वजन वर उचलण्याचा तेवढाच खर्च साधारण निम्म्या वेळात उरकावा लागतो. अजिंक्यताऱ्याच्या गाडीरस्त्याने गप्पा मारत चढणारा माणूस सज्जनगडाच्या पायऱ्यांवर गप्प होतो, तो यामुळेच. शिवाय चढणीवर पाऊल आखूड टाकता येतं, नागमोडी जाता येतं. पायरीची उंची ठरलेली. ती अर्धी चढता येत नाही.

गुडघ्याचा हिशेब वेगळा. पायरीवर गुडघा बराच दुमडलेला असताना सगळं वजन एका पायावर उचलावं लागतं आणि वाटीवर वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. चढणीवर तो ताण पोटऱ्या आणि टाचेकडे सरकतो, म्हणून टाचदुखीवाल्यांना खडी चढण सोसत नाही. उतरताना दोन्हीकडे मांड्यांना ब्रेकचं काम करावं लागतं; दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते बहुधा उतरल्यामुळेच. पाचास एकपेक्षा खडी वाट, त्यावर सुटा मुरूम किंवा शेवाळ असेल, तर तिथे पायऱ्याच हव्यात, यात वाद नाही.

पण त्या कशा हव्यात? सार्वजनिक जागी उंची १५ सेंटिमीटरपर्यंत आणि पाय ठेवायला किमान ३० सेंटिमीटर, हे माप बांधकाम संहितेतच आहे. घोळ होतो तो सारखेपणात. चालताना पाऊल पायरीच्या कडेवरून जेमतेम काही सेंटिमीटर वरून जातं. दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढे तो नजरेवाचून चालतो. मग एखादीच पायरी दोन सेंटिमीटर उंच निघाली की ठेच ठरलेली. ती बहुतेक वेळा पहिली किंवा शेवटची असते: पायऱ्या आधी ओततात, खालची-वरची फरशी मागाहून बसते आणि तिची जाडी कुणी धरलेलीच नसते.

दुसरा दोष रुंद, लांबलचक पायऱ्यांचा. दर पायरीवर दोन पावलं बसली की प्रत्येक वेळी तोच पाय वर उचलावा लागतो आणि शंभर पायऱ्यांत तोच गुडघा बोलायला लागतो. रुंदी एका किंवा तीन पावलांची ठेवली की पाय आपोआप आलटून-पालटून पडतो. कंत्राटदाराला याने फारसा जादा खर्च येत नाही, फक्त आखणी करताना कुणीतरी स्वतः चालून बघायला हवं.

म्हणून जागा असेल तिथे पायऱ्यांच्या बाजूची जुनी मातीची वाट राखावी. रॅम्प करायचा तर बारास एकपेक्षा खडा नको आणि दर नऊ मीटरवर सपाट विसावा हवा. कठडा दोन्ही बाजूंना हवा. गुडघेदुखीवाल्याने चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा. आधार बहुधा दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हाताने घेतला जातो आणि परतताना तो हात दुसऱ्या बाजूला येतो. कठडा शेवटच्या पायरीपाशीच तोडू नये, ३० सेंटिमीटर पुढे न्यावा.

– बांधकाम क्षेत्रातील एक वाचक, सातारा