आई, तुझं माहेरचं नाव हवंय

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा म्हणालीस, "मी दिवाळीला जळमटं काढून काढून दमते आणि तू कोळी डब्यांत भरून पगार घेतेस." फोनवर नीट सांगावं तर तू मधेच कुकर बघायला जातेस. म्हणून पत्र.

देवराईतला तो कोळी नवा निघाला! म्हणजे होता तो तिथेच, फक्त शास्त्रात नाव नव्हतं. बाबा, गेल्या पावसाळ्यात तुमची काळी छत्री नेली ती त्याच्यासाठीच. झुडपाखाली उलटी धरायची आणि वरून फांदी झोडायची. पानं पडली, मुंग्या पडल्या आणि साबुदाण्याएवढा एक उड्या मारणारा कोळी पडला. पुढचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे, बाकीचे सहा बारके. मी बोट हलवलं तर वळून माझ्याकडेच बघत बसला. मामाने लांबूनच विचारलं, "चावतो काय गो?"

रंगरूपावरून जात पक्की ठरत नाही, जननेंद्रियं बघावी लागतात, आणि ती पूर्ण वाढ झाल्यावरच दिसतात. आमचं पडलं पोरसवदा. मग खोलीवर डबीत पाळलं, कुजक्या केळ्यावरची चिलटं भरवली. घरमालकीणबाई तीनदा वास कसला म्हणून विचारून गेल्या. शेवटची कात टाकली तेव्हा तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांची टोकं बॉक्सरच्या मोज्यांसारखी फुगलेली दिसली. नर! मग मादीसाठी देवराईत आणखी दोन खेपा.

मादीचा तो भाग मोहरीच्या कणाएवढा. काढून लवंगेच्या तेलात ठेवला की पारदर्शक होतो आणि आतल्या नळ्या दिसतात. आई, सगळ्या खोलीत तुझ्या दाढदुखीचा वास! त्या नळीला आमच्या मादीत अडीच वळसे आहेत, जवळच्या जातीत एकच. महिनाभर त्या दीड वळशाची चित्रं काढतेय.

जगभरच्या कोळ्यांची नोंदवही स्वित्झर्लंडमध्ये बर्नला ठेवतात. २०२२ मध्ये तिच्यात ५०,०००वी जात चढली, तीही उड्या मारणारीच. आपला नमुना अल्कोहोलच्या कुपीत, पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठीसकट (शाई विरघळते) आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जमा होईल.

बाबा, तुम्ही विचारलंत, तुझं नाव देणार ना? स्वतःचं द्यायचं नसतं, लोक हसतात. दुसऱ्याचं चालतं. ठाणे-कल्याणकडच्या एका कोळ्याला २०२१ मध्ये तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलंय.

मला 'यमुना' द्यायचंय. देवराई आईच्या माहेरची, तर नावही तिथलंच. लग्नात बाबांनी तांदळात अंगठीने 'सुनंदा' लिहिलं, तेव्हापासून तुला यमू म्हणणारा मामा एकटाच उरलाय. आमच्याकडे नियम असा, की एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर सहसा आधीचं ग्राह्य, नंतरचं नुसतं नोंदीपुरतं. (बाबा, रागावू नका, नियम प्राण्यांचा आहे.) लॅटिन वळणाने शेवटी 'ए' लागेल, 'यमुनाए'.

पण आई, तुला चालेल ना? एकदा छापलं की मलाही बदलता येत नाही. संकोच वाटला तर गावाचं नाव देईन. मात्र कार्डावर लिहून कळव, फोनवर "तुला हवं ते कर" म्हणशील.

बाबा, छत्रीची एक काडी मोडलीय. दुरुस्तीला टाकली आहे, गणपतीला येताना आणते.

तुमची,
बेबी