सुटे भाग एकत्र मागवताना

महोदय,

संगणकावरील संगीतासाठी मिडी कंट्रोलर (स्लायडर व नॉब हलवून संगणकाला ‘मिडी’ या सांकेतिक भाषेत आकडे पाठवणारे उपकरण) घरीच बांधणाऱ्या आम्हा ७ जणांनी यंदा सुटे भाग एकत्र मागवले, त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे. स्लायडर पोटेन्शिओमीटर (सरकवून विद्युतरोध कमी-जास्त करण्याचा भाग) पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो खरा. परंतु एकाच जातीचे ६० नग मागितले, की दुकानदार मान हलवतो आणि परदेशातून एकेकट्याने मागवल्यास मालापेक्षा टपालखर्च व सीमाशुल्कच जड होते.

चूक मात्र आमचीच झाली. यादीत नुसते ‘१०के’ (म्हणजे १० किलो-ओहम रोध) लिहिल्यामुळे निम्मे नग ‘बी१०के’ या रेषीय (सरकवू तितक्याच प्रमाणात रोध बदलणाऱ्या) प्रकाराऐवजी ‘ए१०के’ या लॉगरिदमिक (आधी हळू, मग झपाट्याने बदलणाऱ्या) प्रकाराचे आले. मिडीच्या ० ते १२७ या पायऱ्या त्यांवर इतक्या विषम पडतात, की स्लायडर अर्ध्यावर आणला तरी आकडा १५-२० च्या घरातच घुटमळतो. नॉब घेताना तो ज्यावर बसवायचा त्या फिरत्या पोटेन्शिओमीटरचा दांडा ‘डी’ आकाराचा आहे की दातेरी, हेही पाहावे (हे शहाणपण आम्हाला नॉब हातात आल्यावर सुचले). पैसे आगाऊ घ्यावेत आणि थोडे नग जास्तच मागवावेत, कारण डाख देताना एखादा जळतोच.

येथील दुकानदारांनी अशी एकत्रित मागणी आगाऊ रक्कम घेऊन नोंदवण्याची सोय करावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे