‘प्रभावी’ लिहिण्यापूर्वी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली वंशावळ सावकाश पाहिली. आजोबा, त्यांची मुलगी आणि तिचे दोन मुलगे अशा सलग तीन पिढ्यांत रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे दृष्टिपटलाचा हळूहळू ऱ्हास करणारा आनुवंशिक रोग, दिसतो, म्हणून आनुवंशिकतेच्या रकान्यात तू ‘अलिंगसूत्री प्रभावी’ (लिंग न ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचा, एकाच सदोष प्रतीने होणारा) असे लिहून मोकळा झालास. माझे ऐकशील तर तूर्त तो शब्द पेन्सिलीनेच राहू दे. मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र मिळते, एक्स नव्हे; त्यामुळे बापाकडून मुलाकडे रोग गेल्याचे एक खात्रीचे उदाहरण मिळाले, तरी एक्स-संलग्न, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या दोषाची, आनुवंशिकता जवळजवळ बादच होते. तुझ्या आकृतीत तसे एकही उदाहरण नाही, म्हणजे ती शक्यता अजून खुली आहे.

शिवाय आईला चाळिशीनंतर रात्री जरा कमी दिसू लागले, आणि मुलांचे दृष्टिक्षेत्र मात्र विशीच्या आतच आक्रसले, हा फरक मला बोलका वाटतो. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स मुख्यत्वे कार्यरत राहतो, आणि तो कोणता हे भ्रूणावस्थेतच यदृच्छेने ठरते. म्हणून एक्सवरच्या आरपीजीआर या जनुकाची एक प्रत सदोष असलेल्या वाहक स्त्रीच्या दृष्टिपटलात निरोगी आणि रोगट पेशींचे पट्टे शेजारीशेजारी नांदतात. काही वाहकांना आयुष्यभर काही जाणवत नाही, तर काहींना पुरुषांइतकाच त्रास होतो. अशीच घराणी ‘प्रभावी’ म्हणून नोंदली जातात: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रभावी ठरवलेल्या घराण्यांपैकी ८.५ टक्के घराण्यांत दोष आरपीजीआर किंवा आरपी२ या एक्सवरील जनुकांत निघाला. तेव्हा आईला पुन्हा बोलावून, बाहुल्या विस्फारून, दृष्टिपटलावर वाहक स्त्रियांत आढळणारी सोनेरी चकाकी दिसते का ते पाहा. ऑटोफ्लुरेसन्सच्या (दृष्टिपटलाची स्वतःची चमक टिपणाऱ्या) छायाचित्रात मॅक्युलापासून, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागापासून, बाहेर पसरणाऱ्या किरणांसारख्या रेषा दिसल्या, तर माझा संशय बळावेल.

उलट दिशेची फसगतही होते. पीआरपीएफ३१ या जनुकातला दोष प्रभावी असूनही एखादी पिढी कोरी सोडतो, आणि घराण्यात एकटाच रुग्ण असला की आपण सवयीने ‘अप्रभावी’ (आईबाप दोघांकडून सदोष प्रत आल्यावरच दिसणारा) लिहितो; ही सवय मला मुळीच पसंत नाही, विशेषतः तो रुग्ण पुरुष असेल तर, कारण तेव्हा दोष एक्सवरचाही असू शकतो.

हा काथ्याकूट रकान्यापुरता नाही, कारण थोरल्या मुलाचे लग्न ठरते आहे असे तू लिहिले आहेस. दोष प्रभावी असेल, तर त्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. एक्स-संलग्न असेल, तर त्याच्या सर्व मुली वाहक होतील आणि मुलग्यांना त्याच्याकडून हा दोष मिळणार नाही. अहवाल येईपर्यंत त्याला दोन्ही शक्यता सांग, एकच सांगू नकोस. चाचणीच्या अर्जावर आरपीजीआरचा ओआरएफ१५ हा भाग स्वतंत्रपणे नमूद कर. तो पुनरावृत्त अक्षरांनी इतका भरलेला आहे की अनेक जनुके एकदम तपासणाऱ्या नेहमीच्या पॅनेलमधून तेथील दोष निसटू शकतो, आणि मग ‘काही आढळले नाही’ या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही.

तुझा,
विनय