तीन डॉक्टर, पाच विश्वस्त आणि तुमची वही : पेन्शन बोर्डावरच्या एका काकांना उघडं आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमची मुदत संपली त्या बैठकीत आभाराचा ठराव दोन ओळींत उरकला गेला. अग्निशमन दलाच्या जवानांचे अपंगत्वाच्या पेन्शनचे क्लेम कसे वाचायचे याची जी वही तुम्ही मागे ठेवून गेलात, तिचा त्यात शब्दही नव्हता. ते राहिलेलं आता लिहितो.

सगळ्यांसमोर लिहायला कारण आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागो शहर वगळता, गावोगावच्या अग्निशमन दलांचे जवळजवळ 300 वेगवेगळे पेन्शन फंड आहेत. प्रत्येकाचं पाच जणांचं बोर्ड असतं : दोन महापौरांनी नेमलेले, दोन नोकरीतल्या जवानांनी निवडलेले, एक निवृत्तांनी निवडलेला. नेमणुकीच्या जागेसाठी हिशेब कळणारा माणूस शोधतात, म्हणजे उद्या आपल्यातल्या कुणा सीएला किंवा आयटीवाल्याला विचारणा होणारच. त्याला वाटतं, व्याजाचे आकडे बघायचेत. मग एके दिवशी खांदा निकामी झालेल्या जवानाची शेकडो पानांची फाइल समोर येते आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

तुम्ही पहिल्याच पानावर लिहिलंय, प्रश्न सुटे करा. हा माणूस दलाच्या कामाला अपात्र आहे का? ती अपात्रता कायमची आहे का? ती कशामुळे आली? या क्रमानेच. पगाराच्या किती टक्के पेन्शन, हे शेवटी, आणि त्याचा गावाच्या तिजोरीवर किती बोजा, हे कधीच नाही. बोर्ड फंडाचं विश्वस्त आहे, नगरपालिकेचं खजिनदार नाही. हे क्रमाने केलं नाही तर चर्चा कशी भरकटते ते प्रत्येक नव्या विश्वस्ताने बघावं : कुणी म्हणतं ‘चांगला मुलगा आहे’, कुणी म्हणतं ‘परवा मासे पकडताना दिसला’, आणि मूळ प्रश्नाला कुणी हातच लावत नाही.

पहिल्या प्रश्नात ‘काम’ म्हणजे कोणतंही काम नव्हे, अग्निशमन दलातली सेवा. तो दुकान चालवू शकतो, गाडी चालवू शकतो, हे उत्तर नाही. भरतीच्या सीपीएटी चाचणीचं, म्हणजे उमेदवाराच्या शारीरिक क्षमतेच्या परीक्षेचं, कोष्टक तुम्ही वहीत चिकटवलंय ते इथे कामी येतं. अंगावर 50 पौंडांचा जॅकेट, जिना चढताना खांद्यांवर आणखी 25 पौंड, 165 पौंडांचा पुतळा ओढून नेणं, आठ टप्पे मिळून 10 मिनिटं 20 सेकंद. आकडे भरतीचे आहेत, पण आगीत माणसाला काय उचलावं लागतं याचा अंदाज डॉक्टरला त्यातूनच येतो. दलप्रमुख हलकं काम देऊ म्हणाले तर ते लेखी घ्या, असंही तुम्ही नोंदवलंय : जागा खरोखर आहे का, कोणत्या हुद्द्यावर, किती काळ. तोंडी ‘बघू काहीतरी’ हा पुरावा होत नाही.

‘कायमची’ या शब्दावर सगळे अडतात. मराठीत काय नि इंग्रजीत काय, ऐकणाऱ्याला वाटतं जन्मभराची. राज्याच्या पेन्शन कायद्यातली व्याख्या खूप आटोपशीर आहे : ज्या अपंगत्वातून मृत्यू संभवतो, किंवा जे सलग किमान 12 महिने टिकलंय किंवा टिकेल अशी अपेक्षा आहे, ते कायमचं. डॉक्टर सहज लिहून जातो, ‘दोन वर्षांनी कदाचित सुधारेल’, आणि बोर्डातला एखादा लगेच नकाराकडे झुकतो. वास्तविक त्या वाक्याने अट पूर्ण झालेली असते.

डॉक्टरांबद्दलचा भाग तुमच्या वहीत सर्वांत मोठा आहे, आणि तसाच हवा. त्याच कायद्याच्या कलम 4-112 प्रमाणे बोर्डाने निवडलेल्या तीन डॉक्टरांनी फंडाच्या खर्चाने तपासणी केल्याशिवाय ही पेन्शन सुरू होत नाही. तिघांचं एकमत लागत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. तरी दर क्लेमला कुणीतरी दोन विरुद्ध एक असा हिशेब मांडतंच. मतमोजणी करू नका, मताखालचा पाया बघा, हे तुमचं म्हणणं. तिघांनाही एकच गठ्ठा जायला हवा : कामाचं वर्णन, इजेच्या दिवशीचा अहवाल, आधीचे सगळे एमआरआय, शस्त्रक्रियेच्या नोंदी, फिजिओथेरपीची टिपणं. एकाला जुना एमआरआय गेला आणि दुसऱ्याला नाही, तर त्यांचे अहवाल एकमेकांशी तोलताच येत नाहीत. फरक वैद्यकीय आहे की टपालाचा, ते कसं सांगणार? गठ्ठ्याच्या पानांवर अनुक्रमांक घाला आणि कुणाला कोणती पानं गेली ते लिहून ठेवा, ही तुमची सूचना आता आमच्याकडे रीतच झाली आहे.

डॉक्टरला काय विचारायचं, याचा मसुदाही तुमचाच. निर्बंधाशिवाय जवानाचं काम करू शकतो का? नसेल तर नेमक्या कोणत्या हालचाली जमत नाहीत? 12 महिन्यांची अट पुरी होते का? अमुक तारखेच्या घटनेमुळे हे झालं, वाढलं, की तिचा संबंध नाही? ‘कर्तव्य बजावताना’ हे शब्द मात्र डॉक्टरला विचारायचेच नाहीत. तो कायद्याचा निष्कर्ष आहे आणि तो बोर्डानेच काढायचा. ‘वाढलं’ हा शब्द वगळला की अर्धा क्लेम चुकीच्या दिशेला जातो. गुडघा आधीच झिजलेला होता म्हणून क्लेम फेटाळायचा, असं नसतं. 2007 साली नॉर्थ शिकागोच्या पोलिस पेन्शन बोर्डाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आधीचं दुखणं कर्तव्यामुळे बळावलं असेल तरी कर्तव्यावरची पेन्शन देता येते, आणि एका डॉक्टरच्या मतावर विसंबून दिलेला बोर्डाचा नकार फिरवला. जवानांच्या बाबतीत तर कायद्यात एका घटनेसोबत कर्तव्यांचा साचत गेलेला परिणामही आहे. कंबर एका दिवसात जात नाही.

कारणाचा पुरावा शोधायचा तर पहिल्या दोन दिवसांच्या कागदांत, असं तुम्ही लाल शाईने लिहिलंय. डिस्पॅचच्या, म्हणजे दलाला कामगिरीवर पाठवल्याच्या, वेळा, त्या दिवशीचा इजेचा अहवाल, आणि इमर्जन्सी रूममधली पहिली नोंद. वर्षभराने वकिलाच्या सांगण्यावरून लिहिलेलं निवेदन नीटनेटकं असतं; पहिली नोंद घाईची असते, म्हणूनच तिला वजन. पण घाईत नर्सही चुकते. नोंदीत ‘दोन आठवड्यांपासून दुखतंय’ असं असेल आणि अर्जात एका तारखेची घटना असेल, तर लगेच खोटेपणाचा शिक्का मारू नका. सुनावणीत अर्जदाराला ते पान दाखवून विचारा. कामगार नुकसानभरपाईचा निकाल फाइलमध्ये असला तरी त्यावर टेकून निर्णय देऊ नका, कसोट्या वेगळ्या आहेत. त्याची आठवण पुढे ठेवायची ती वजावटीसाठी : त्याच इजेपोटी तिथून मिळणारे पैसे पेन्शनमधून वळते होतात.

आता टक्के. कर्तव्यामुळे असेल तर हुद्द्याच्या मासिक पगाराच्या 65 टक्के, किंवा त्या दिवशी निवृत्त झाला असता तर मिळणारी पेन्शन, यांतलं जे जास्त ते. कर्तव्याबाहेरचं असेल तर 50 टक्के, आणि त्यासाठी 7 वर्षांची सेवा हवी. पगार 8,000 डॉलर धरला तर 5,200 आणि 4,000. महिन्याला 1,200 चा फरक. शिवाय कर्तव्यावरच्या पेन्शनला केंद्राचा आयकर साधारणपणे लागत नाही, दुसरीला लागतो, त्यामुळे हातातला फरक आणखी मोठा. अठराच्या आतल्या अविवाहित मुलामागे 20 डॉलर मिळतात, एकूण 75 टक्क्यांच्या आत. हे 20 डॉलर कोणत्या जमान्यातले, देव जाणे. ‘जे जास्त ते’ हे शब्द जुन्या जवानांच्या बाबतीत विसरले जातात : पहिल्या श्रेणीतल्या (म्हणजे 2011 पूर्वी नोकरीला लागलेल्या), पन्नाशी पार केलेल्या आणि 28 वर्षं सेवा झालेल्या माणसाची साधी पेन्शनच 70 टक्के होते.

हृदयविकार, पक्षाघात, क्षय, फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग यांचं कलम वेगळं, 4-110.1. इथे 5 वर्षांची सेवा लागते आणि एका तारखेची घटना शोधत बसायचं नसतं. कर्करोग उष्णता, किरणोत्सर्ग किंवा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेल्या कर्ककारक घटकामुळे होऊ शकणारा असावा लागतो. तुमची नोंद जुनी होती, तिथे मी भर घातली आहे : 2022 मध्ये त्याच संस्थेने जवानाच्या कामालाच पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्ककारक, टाकलं. मेसोथेलिओमा (फुप्फुसासारख्या अवयवांच्या आवरणाचा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग यांबाबतचा पुरावा त्यांनी पुरेसा ठरवला.

सुनावणीचं पान वाचताना तुमची करडी नजर दिसते. ज्या विश्वस्ताने त्या घटनेत अर्जदाराबरोबर काम केलं, त्याने बाजूला व्हावं. बैठकीबाहेर अर्जदाराशी, दलप्रमुखाशी, कुणाशीही क्लेमबद्दल बोलू नये. फेसबुकवर स्वतः शोध घेऊ नये. जे नोंदीत दाखल नाही आणि ज्याला अर्जदाराने उत्तर दिलेलं नाही, ते निर्णयात येता कामा नये. विचारविनिमय बंद दाराआड चालतो, पण मतदान उघड्या बैठकीत, आणि कारणांसह लेखी निर्णय लागतोच. तो लिहिण्याचं काम वकिलावर टाकून मोकळं होणाऱ्यांवर तुमचा राग होता, आणि तो बरोबर होता. मसुदा वकील करो. पण ‘अमुक डॉक्टरचं मत आम्ही स्वीकारलं नाही, कारण त्यांनी अमुक तारखेची शस्त्रक्रिया विचारात घेतली नाही’ हे वाक्य विश्वस्तांच्याच तोंडून यायला हवं. निर्णय हातात पडल्यापासून 35 दिवसांत अर्जदार सर्किट कोर्टात, म्हणजे राज्याच्या खालच्या न्यायालयात, जाऊ शकतो. तिथे नवा पुरावा घेत नाहीत, आपली नोंदच वाचतात. तिच्यात कारण नसेल तर बोर्डाच्या बाजूने बोलायला काही उरत नाही.

मंजुरीनंतरचंही तुम्ही सोडलं नाही. पन्नाशीपर्यंत वर्षातून एकदा फेरतपासणी. ती राहून जाते, कारण दिनदर्शिका कुणाच्याच मालकीची नसते; तुम्ही ती सचिवाच्या नावे लावून दिलीत. बरा झाल्याचं सिद्ध झालं तर पेन्शन थांबते, पण त्याच हुद्द्यावर परत घेण्याची जबाबदारी गावाची. जवानांना हे माहीत नसतं आणि तपासणीचं पत्र आलं की घरचे घाबरतात. त्या पत्रात हे दोन ओळींत लिहायला तुम्हीच सुरुवात केलीत. वहीतल्या सगळ्या गोष्टींत यासाठी मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे.

वहीत काही दुरुस्त्या कराव्या लागल्या, रागावू नका. 2020 पासून लागू झालेल्या कायद्याने प्रशिक्षणाचे तास घटले : नव्या विश्वस्ताला आधी 16 आणि मग दरवर्षी 8. त्याच कायद्याने गुंतवणूक राज्यपातळीवरच्या एकत्रित फंडाकडे गेली, त्यामुळे तुमची रोखे आणि शेअर यांवरची सुंदर अक्षरातली चाळीसेक पानं आता कामाची राहिली नाहीत. अपंगत्वाचे क्लेम मात्र अजूनही गावच्या बोर्डाकडेच आहेत, आणि ती पानं आम्ही झेरॉक्स काढून पाचही जणांना दिली आहेत. इंग्रजी भाषांतर काकूंनी तपासून दिलं, त्यांनाही नमस्कार सांगा.

आपला नम्र,
तुमच्या जागी नेमला गेलेला विश्वस्त