आतामीच्या नाकाई-सान, तुमचा डबा माझ्याकडे आहे

आदरणीय नाकाई-सान,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला यातलं अक्षरही कळणार नाही. जपानीत वेगळं लिहून पाठवतोच आहे. पण आईचा हट्ट असा की, "आधी आपल्या भाषेत लिही. तुझं जपानी ऐकून ती बाय तोंडावर हात धरून हसत होती." शिवाय हे आपल्या माणसांनीही वाचावं असं मला वाटतं. त्यांच्यासाठी सांगतो: जुन्या जपानी हॉटेलात तुमची खोली, जेवण, अंथरूण-पांघरूण सगळं एकच बाई बघते, तिला नाकाई म्हणतात. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हॉटेलचंही नाही.

हॉटेलचं नाव न लिहिण्याचं कारण तुम्हाला ठाऊक नाही, ते आधी कबूल करून टाकतो. पहिल्या रात्री, तुम्ही गाद्या घालून गेल्यावर, मी फोनवर त्या हॉटेलबद्दल तक्रार लिहिली. गालिच्याला ओल्या गोणपाटाचा वास. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर उसासा टाकते. गॅलरीचा कठडा गंजून पापुद्रे सुटलेत. रस्त्यावरून आत शिरलो तर लॉबी सहाव्या मजल्यावर, खोली तीन मजले खाली, कारण इमारत डोंगराला टेकून बांधलेली. आणि त्यात आईचे गुडघे गेलेले. पाचांपैकी तीन तारे दिले आणि झोपलो. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त तुम्ही त्यात कुठेच नव्हता.

टोकियोत निशिकासाईला राहतो मी. टोकियो स्टेशनहून आतामी, हे समुद्रकाठचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, म्हणजे शिंकान्सेनने, इथल्या बुलेट ट्रेनने, जेमतेम पाऊण-एक तासाचं अंतर. 1960 च्या दशकात वर्षाला 50 लाखांवर माणसं इथं मुक्कामाला यायची, कंपन्यांच्या सहली बसच्या बस भरून. 2011 पर्यंत हा आकडा निम्म्यापेक्षाही खाली आला होता. तुमच्या हॉटेलातला तो कुलूपबंद मेजवानीचा हॉल आणि त्याच्या दाराशी रचलेल्या शेकडो चौरंगांची उतरंड बघितली तेव्हा आकडा डोळ्यांना दिसला. हल्ली गर्दी परत येते आहे म्हणतात, पण खाऱ्या वाऱ्यानं आणि त्याहून खाऱ्या गरम पाण्यानं खाल्लेलं लोखंड गर्दीनं थोडंच भरून येतं. पाण्यातले क्षार नळांत आतून चुन्यासारखे बसतात आणि दर काही वर्षांनी पाइप बदलावे लागतात, हे तुम्हीच सांगितलंत, अगदी घरातल्या सुनेच्या खोड्या सांगाव्यात तसं.

तर आई. माहेर दापोलीकडचं. उन्हवऱ्याच्या गरम कुंडात लहानपणापासून डुंबलेली. तिथं बायकांचं कुंड वेगळं, आडोशाचं, आणि आंघोळ लुगड्यासकट. गंधकाचा वास दोन दिवस केसांतून जात नाही. म्हणून मला वाटलं, हिला आतामीला नेलं की खूश होईल. जपानी स्नानाचा नियम मात्र मी तिला ट्रेनमध्ये सांगितला: अंगावर सूतही नको, पंचासुद्धा पाण्यात बुडवायचा नाही. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग मी खोलीत बसून समुद्र बघीन." इथं 1604 साली जपानचा शोगुन, म्हणजे सत्ताधीश, तोकुगावा इएयासू सात दिवस स्नानाला राहिला होता, असं सांगून बघितलं. "तो पुरुष होता, त्याला काय!"

आणि मी मुलगा. मुलगी असतो तर हाताला धरून आत नेलं असतं. ओल्या दगडांवर, त्या गुडघ्यांनिशी तिला एकटीला कसं पाठवू?

त्यातून त्या दिवशी संकष्टी. मी विसरलो होतो, ती विसरत नाही. तुम्ही जेवण सहाला मांडणार, आमचा चंद्र आठनंतर उगवणार आणि ताटात सगळे मासेच मासे. मी माझ्या मोडक्या जपानीत सांगू लागलो की आई एरवी मासे खाते, आवडीनं खाते, आज नाही, चंद्र दिसेपर्यंत तर काहीच नाही. तुम्ही गुडघ्यांवर बसून ऐकत होता आणि दर वाक्याला "हाई, हाई", म्हणजे "हो, हो", म्हणत होता. आई मला विचारते, "अरे, ती सारखी हाय हाय का करते? तिला त्रास होतोय का?"

स्वयंपाकघर आठला बंद होतं. तरी सव्वाआठला तुम्ही ताट आणलंत: भात, टोफू, वाफवलेलं रताळं, भोपळ्याची भजी. रस्सा माशाचा नाही, नुसत्या कोंबूचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, हे तीनदा सांगितलंत. त्याआधी खोलीतले दिवे मालवलेत, सरकती दारं उघडलीत, आणि आम्ही तिघं अंधारात सागामीच्या आखाताकडे बघत बसलो. तेव्हा तुम्ही सांगितलंत की पौर्णिमेनंतरच्या चंद्रांना तुमच्याकडे नावं आहेत. सतराव्या रात्रीचा उभं राहून वाट बघायचा चंद्र, अठराव्याचा बसून, एकोणिसाव्याचा आडवं पडून. आजचा आडवं पडून बघायचा. मी आईला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, "उपाशी माणसाला आडवं पडून कसं चालेल? वाटी कोण धरणार?" चंद्र पाण्यातून वर आला, तांबूस, एका बाजूनं झिजलेला. आईनं अर्घ्य दिलं. नैवेद्याला खोलीत ठेवलेला तो ओन्सेन मांजू, आत गोड पुरण भरलेला, वाफवलेला. "मोदकच की हा, फक्त शेंडी नाही." तुम्हीही तिचं बघून हात जोडलेत.

खरी गोष्ट पहाटेची. साडेचारला दारावर टकटक. तुम्ही उभ्या, हातात घडी केलेले दोन पडदे, एक निळा, एक लाल. तुमच्याकडची दोन स्नानघरं रोज पहाटे अदलाबदल होतात: काल जे पुरुषांचं ते आज बायकांचं. धुऊन झाल्यावर दाराशी पडदा लागला की लोकांनी आत जायचं. पडदा लागेपर्यंत ते कुणाचंच नसतं. तुम्ही मला म्हणालात, आज मी पडदा जरा उशिरा लावणार आहे. मला पुरतं कळायला अर्धं मिनिट लागलं. आईला त्याआधीच कळलं होतं. ती टॉवेल घेऊन उभी होती.

आत काय झालं ते आईनं सांगितलं तेवढंच मला माहीत. मी बाहेर नाणं टाकून चालणाऱ्या, पण नाणं टाकूनही न चालणाऱ्या मालिशच्या खुर्चीत बसलो होतो. तुम्ही किमोनोच्या बाह्या दोरीनं बांधून घेतल्यात. "आपण पदर खोचतो ना, तसंच," आई म्हणाली. तिला बुटक्या स्टुलावर बसवलंत, दिवा मंद केलात, पाठ फिरवून उभ्या राहिलात आणि ती हाक मारेपर्यंत वळला नाहीत. मग तिची पाठ चोळलीत. "दर दिवाळीत घरभर सगळ्यांच्या पाठी मी चोळते. माझी कुणी चोळली?" हे ती मला सांगत होती की मला सुनावत होती, अजून कळलेलं नाही. नंतर दंडाला धरून, एकेक दगड पायानं चाचपत, तिला पाण्यात उतरवलंत. काचेपलीकडे अंधार आणि मासेमारीच्या बोटींचे दिवे. आईनं ओंजळभर पाणी चाखून बघितलं. खारट! "उन्हवऱ्याला वास आहे, इथं चव आहे."

वीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा कानापर्यंत लाल झालेली आणि काठी तुमच्या हातात. मागून तुम्ही पडदा लावलात, लाल.

तुमची पाळी सहाला सुरू होते हे मला नाश्त्याच्या वेळी दुसऱ्या नाकाईंकडून कळलं. तो दीड तास तुमच्या झोपेतला होता.

निघताना तुम्ही हातानं नकाशा काढून दिलात, चढ टाळून. त्यावर एक कुत्रा काढला होतात. ते ठिकाण आम्ही शोधलं: 1860 मध्ये ब्रिटिश राजदूत ऑलकॉक इथं आला होता, त्याचा टोबी नावाचा कुत्रा गरम पाण्याच्या कारंज्यावर भाजून मेला, त्याचा दगड. आईनं त्याला बिस्किट ठेवलं. खाली गावात जाळीवर वाळत घातलेले फाडलेले मासे बघून ती थबकलीच. "हे तर आमच्या हर्णैचं!" संकष्टी उलटली होती. तिथल्या तिथं भाजून घेतले आणि उभ्यानं खाल्ले.

आईनं तुम्हाला दिवाळीच्या चकल्यांचा स्टीलचा डबा दिला होता. पैशांचं पाकीट तुम्ही घेतलं नाहीत, डबा घेतलात. लॉबीत परत दिलात तेव्हा तो जड लागला. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं? आत उमेबोशी होते, म्हणजे उमे नावाची आंबट फळं, खारवलेली, सुरकुतलेली. आईनं एक जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाली, आमसुलाचा भाऊ. त्याचं तिनं निशिकासाईत सार केलं, नारळाचं दूध घालून. बरं झालं होतं.

ते तीन तारे मी खोडलेले नाहीत. लिफ्ट उसासे टाकतेच. खाली चार ओळी जोडल्यात, त्या तुमच्याबद्दल. त्यासाठी परत वर-खाली चाळलं तर दिसलं, बरेच पाहुणे तेच लिहून गेलेत: इमारत थकली आहे, नाकाई-सान आहेत म्हणून येतो.

आई दापोलीला परतली. फेब्रुवारीत मी येतोय, एकटाच. डब्यात कुळथाचं पीठ असेल. पिठलं कसं करायचं ते आईनं फोनवर सांगायचं ठरवलंय, भाषांतर मी करीन, तुम्ही फक्त हाई म्हणा.

आपला नम्र,
304 नंबरच्या खोलीतल्या आजींचा मुलगा