बाबांच्या नाकाचा रिपोर्ट

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय!" अगदी पेढे वाटायच्या आवाजात. मग आई, तू फोटो पाठवलास. बाबा, इथे पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं नव्हे. कापलेल्या तुकड्याच्या कडेलाही कॅन्सरच्या पेशी दिसल्यात, म्हणजे नाकावर थोडं राहिलं असेल. आपल्याला निगेटिव्ह हवं होतं. डॉक्टर पुन्हा बोलावतायत ते म्हणूनच, पैसे काढायला नव्हे.

घाबरू नका. तुमचा हा त्वचेचा कॅन्सर, बेसल सेल कार्सिनोमा, हळू वाढतो, दुसरीकडे सहसा पसरत नाही. पण आहे तिथलं कुरतडत जातो, म्हणून त्याचं जुनं नाव रोडंट अल्सर. रोडंट म्हणजे उंदीर वगैरे. तुम्ही त्यातला 'अल्सर' तेवढा ऐकलात आणि पंधरा दिवस दूधभात खाल्लात! मी आधी हसले, मग लाज वाटली. "छोटंसं ऑपरेशन आहे" यापलीकडे मी तरी काय सांगितलं होतं?

मागच्या वेळी शेजारच्या काकांचं ऐकून रक्त पातळ करायची गोळी चार दिवस बंद ठेवलीत. स्टेंट आहे तुम्हाला! अशा ऑपरेशनला ती बहुधा चालूच ठेवतात. तरी ते डॉक्टरांनाच विचारायचं, काकांना नाही.

आई, जखमेवर हळद नको. खपली धरायची वाटही बघायची नाही. रोज धुऊन व्हॅसलिन, वर पट्टी. रक्त आलं तर २० मिनिटं दाबून धर, मधे उचलून बघू नकोस. हे सगळं डॉक्टरांनी दिलेल्या इंग्रजी कागदावर होतं. तो फडताळात गेला, हो ना?

एक विचारायचंय. मोह्ज नावाची पद्धत असते. पातळ थर काढून तो लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कडा साफ होईपर्यंत पुढचा थर. नाकासाठी ती चांगली, पण सगळीकडे होत नाही. आपल्याला कुठे मिळेल, हे विचारू.

आणि बाबा, तीस वर्षं एसटीत आठ आण्यांसाठी तुम्ही प्रवाशांशी हुज्जत घातलीत. डॉक्टरांपुढे मात्र नुसतं "हो हो". या वेळी त्यांचं बोलून झालं की म्हणा, "म्हणजे मला असं कळलं की..." आणि तुमच्या शब्दांत सांगा. चुकलं तर ते सुधारतील. वैतागले तर वैतागू देत.

बुधवारी रात्रीच्या गाडीनं येतेय. मी येईपर्यंत कशावर सही करू नका. आणि आई, त्यांना ठेचा दे गं.

तुमची,
ताई