माशासाठी माशी

ठाणे, रविवार दुपार

प्रिय बाळ्या,

तुझं पार्सल येऊन दीड महिना झाला. फोनवर पोच दिली, पण पत्र टाळत होतो. कारण तुझ्या चिठ्ठीत शेवटी एक मागणी होती, आणि तिला 'नाही' म्हणायचं होतं. त्यावर येतोच. आधी कामाचं. सोबत चार फ्लाय आहेत, म्हणजे सॅमन माशाला भुलवायला नळीवर केस बांधून केलेल्या खोट्या माश्या. बांधल्या अकरा.

'तू लेथवर जन्म काढलास, तुला हा डाव्या हातचा मळ,' असं लिहिलं होतंस. अरे, पितळ सांगाल तिथे बसतं. हरणाच्या शेपटीचे केस कुणाचं ऐकत नाहीत.

नळ्यांचं मात्र जमलं. वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या फ्रीजवाल्याकडून तांब्याची बारीक नळी घेतली, दीड-दीड इंचाचे तुकडे केले आणि दोन्ही तोंडांची बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धारदार कड, काढली. तू पाठवलेली प्लॅस्टिकची नळी आत सरकवली, म्हणजे तांब्याच्या कडेने गळाचा तुझा नायलॉनचा दोरा कापला जाणार नाही. प्लॅस्टिकचं टोक लायटरवर धरून त्याची कॉलर करायची असते ना, तिथे पहिल्या दोन नळ्यांची भोकंच बुजवली. मग आत सुई ठेवून टोक तापवायला लागलो.

माशी बांधताना पकडून ठेवायला तुझ्यासारखा खास व्हाइस (शिकंजा) माझ्याकडे नाही. गोणी शिवायचा दाभण छोट्या व्हाइसमध्ये आडवा धरला, त्यावर नळी चढवली आणि ती फिरू नये म्हणून आगकाडीची पाचर मारली. हिला आत्तापर्यंत वाटत होतं मी घड्याळ दुरुस्त करतोय. तिच्या जुन्या, विरलेल्या शालूच्या काठातली जर उसवायला बसलो तेव्हा कळलं. 'माशासाठी माशी करताय, आणि माझी जर?' पण दिली. वर म्हणाली, टोकाला गाठ नको, दोऱ्याखाली दाबून घ्या. तेच बरोबर निघालं.

फ्लायच्या नमुन्यांतली विली गन आधी घेतली, कारण तीन रंगांत भागतं. जांभळी नाक्यावरून आणलेल्या काळ्या रेशमाचं अंग, त्यावर जरीचे पाच वेढे, मग पिवळे, नारिंगी नि काळे केस एकत्र मिसळून नळीभोवती. आणि इथेच मी मार खाल्ला. मला वाटलं, जास्त केस म्हणजे जास्त माशी. पहिली बघून नातू म्हणाला, आजोबा, ही बाटली धुवायला का? बाथरूममधल्या पिंपात दोऱ्याला बांधून ओढून बघितली. काठीसारखी सरळ, केस जागचे हलत नाहीत. पाचवीपासून निम्मे केस केले, चार बारीक झुपक्यांत, प्रत्येक झुपक्यानंतर नळी पाव वेढा फिरवून. पाण्यात ओढली तर ती श्वास घेते रे! ओढताना मिटते, थांबलास की फुलते. त्या रात्री मी पिंपापाशी किती वेळ बसलो होतो ते हिला विचार.

उरलेल्या तीन डोक्यापाशी वाया गेल्या. समोर जागा ठेवायची विसरलो आणि दोऱ्यावर लावलेलं नेलपॉलिश थेट नळीच्या भोकात उतरलं.

पण कल्पना ज्याची त्याला मानलं. ज्याची नाही, जिची. मोरावस्की नावाच्या बाईंनी 1945 च्या सुमारास तुझ्याच स्कॉटलंडमधल्या एबरडीनमध्ये ही नळीवरची फ्लाय काढली असं मानतात ना? गळ वेगळा, माशी वेगळी. मासा लागला की माशी दोरीवर वर सरकून त्याच्या दातांपासून लांब, आणि लांब दांड्याला झटके देऊन गळ सोडवून घ्यायचीही सोय त्याला उरत नाही. गळ बोथट झाला तर तेवढाच बदला. कारखान्यात आम्ही अख्खं हत्यार फेकत नाही, टोकाची टिप बदलतो, तोच न्याय.

कोळीवाड्यातल्या आपल्या नेहमीच्या मावशींना एक दाखवली. सॅमन समुद्रातून नदीत शिरला की काही खात नाही, तरी या पिसा-केसांवर तोंड टाकतो, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग तो येडा, की पकडणारा?' समोर रावस होता, त्यालाच हॉटेलवाले इंडियन सॅमन म्हणतात. पण रावसाचं त्या सॅमनशी काडीचं नातं नाही, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

आता ती मागणी. रानकोंबड्याच्या मानेची पिसं. तिकडे पाळलेल्या पक्ष्याचं कातडं महाग पडतं, आणि तुझ्या फ्लायला डोळ्यासारखे ते पिसांवरचे मेणासारखे थेंब हवेत. कबूल, तसं पीस दुसरं नाही. इंग्रजांच्या काळात इथून ही कातडी जहाजाने जायची. पण तो आपला राखी रानकोंबडा आहे, बाळ्या. भीमाशंकरला पहाटे तू मला हलवून उठवलं होतंस, 'ऐक, ऐक' म्हणत. तोच. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी आणली नसती. तुझ्या त्या ओळखीच्या माणसाने 'इथे सगळं मिळतं' असं सांगितलं असेल, तर मिळतंही असेल. माझ्याकडून नाही. रागावलास तर रागाव, पण विली गन त्याच्याशिवायही बांधतात, हे तूच मला लिहिलं होतंस.

चारांपैकी एकीचं डोकं वाकडं आहे. ती फेकू नकोस, पिंपात तीच सगळ्यात छान चालली. तुझ्या डी नदीचं पाणी गार आणि चढलेलं असेल तेव्हा तीच आधी लाव, तांबं आहे, खाली जाईल. मासा लागला तर सोडण्याआधी तोंडात माशी दिसेल असा एक फोटो काढ, पण त्याला पाण्याबाहेर फार वेळ धरू नकोस. तुमच्याकडे रविवारी सॅमन धरायला बंदी, तेव्हा रविवारी पत्र लिहायला तुला सबब नाही.

हिने तुझ्यासाठी मेतकूट दिलंय. ते नेलपॉलिशच्या वासापासून वेगळं बांधलंय.

तुझा,
मन्या